नऊ दिवस झाले, बॅग तशीच आहे

मावशी,

मी पुण्यात राहते, वय ४३, बँकेत काउंटरवर असते. मला एकेरीतच उत्तर द्या, बरं वाटेल.

चौथ्या शनिवारला जोडून शुक्रवारची रजा टाकली आणि आम्ही चौघं गुहागरला जाऊन आलो. मी, नवरा, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. सासूबाई गुडघ्यांमुळे इतका वेळ गाडीत बसू शकत नाहीत, त्या घरीच राहिल्या. दिवसा कामाच्या मावशी होत्या, रात्री सोबतीला नणंद येत होती. (सासूबाईंचं माहेर तिकडचंच, पालशेतचं. आता तिथे कुणी राहिलेलं नाही.) शुक्रवारी पहाटे पाचला निघालो. शनिवारी वेळणेश्वर, हेदवी, बामणघळ. घळीपाशी पोचलो तर ओहोटी, पाणीच उडेना. त्यावरून ह्यांचा मूड गेला. रविवारी सकाळी व्याडेश्वर, दुर्गादेवी, परत समुद्र. जेवून अडीचला निघालो, घरी पोचायला रात्रीचे साडेअकरा.

दार उघडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "झालं का फिरून?" बस, एवढंच. मुलं सरळ झोपायला गेली. हे "पाठ गेली माझी" म्हणत आडवे झाले. मी फ्रीज उघडला तर दूध नासलेलं. सकाळच्या डब्यांची तयारी केली, मशीन लावलं, दीड वाजला. सोमवारी काउंटरवर ही रांग. मंगळवारी सकाळी गच्चीत मुलाच्या चड्डीच्या खिशातली वाळू झाडताना मला एकदम रडू फुटलं, ते थांबेचना.

हे दर वेळी होतं. तिकडे मी छान असते. रविवारी सकाळी सगळे समुद्रावर गेले तेव्हा मी मागच्या पडवीत तासभर एकटी बसले होते. सुपारीच्या बागेत पाणी सोडलेलं होतं. कुणी मला काही विचारत नव्हतं. आणि घरी आले की वाटतं, कुणीतरी मानगूट धरून आणून बसवलंय. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "मग जायलाच नको. पंचवीस हजार घालवून रडायचं, तर घरीच फुकटात रडू." चेष्टेत म्हणतात, पण म्हणतात.

ऑफिसात काजू वाटून झाले, शेजारी आंबापोळी देऊन झाली. पण माझी बॅग नऊ दिवस कोपऱ्यात तशीच पडली आहे. आत न घातलेला एक ड्रेस, आगळाची बाटली, दोन शिंपले. मला ती रिकामी करवत नाही. मी कृतघ्न आहे का? की जाणंच बंद करावं?

तुमची,
वाळू झाडणारी

*

अगं वाळू झाडणारे,

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. कृतघ्न नाहीस. आणि जाणं बंद करू नकोस.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुझ्या नवऱ्याचा राग आला. दुसऱ्यांदा कंसातल्या त्या दोन वाक्यांपाशी अडकले. त्यांच्याकडे मागाहून येते. तिसऱ्यांदा लक्षात आलं की एवढ्या पत्रात समुद्र म्हणावा असा नाहीच. 'परत समुद्र' असे दोन शब्द आहेत, वाणसामानाच्या यादीत लिहावेत तसे. वेळणेश्वर, हेदवी ही नुसती नावं आहेत. पडवी मात्र आहे. बागेत सोडलेलं पाणी आहे. ते लिहिताना तुझं अक्षरसुद्धा सुटं झालंय गं, बाकीच्या पत्रात ते एकमेकांच्या अंगावर पडतंय.

आधी एक जुनी गोष्ट सांगते. आमचं घर कोरेगावचं, सातारा जिल्ह्यातलं, आणि आईचं माहेर वाईजवळ मेणवलीला. आज मोटारीने हे अंतर काहीच वाटत नाही. तेव्हा मेणवलीहून वाई, वाईहून साताऱ्याची एसटी, साताऱ्याहून कोरेगावची, असा दिवस जायचा. आईला वर्षातून दोनदा चार-चार दिवस मिळत, तेही घरात कुणाचं बाळंतपण किंवा आजारपण निघालं नाही तर. परत येताना ती एक चमत्कारिक गोष्ट करायची. कोरेगावच्या अलीकडे एका फाट्यावर उतरायची. कंडक्टर म्हणायचा, "वहिनी, स्टँड पुढं आहे." "माहीत आहे," म्हणायची आणि उतरायची. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मी, डोक्यावर ऊन. मला भयंकर राग यायचा. पैसे वाचवायला उतरते म्हणावं, तर तिकीट स्टँडपर्यंतचं काढलेलं असायचं. वाटेत एक विहीर होती, तिथे ती बसायची, पायांवर पाणी घ्यायची, माझं तोंड पुसायची. बोलायची काही नाही. मग उठून झपाझप चालत घरी, आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकल्या टाकल्या पदर खोचून चुलीपाशी.

माझं लग्न झालं, पहिलं माहेरपण चार दिवसांत संपलं आणि ती मला स्टँडवर सोडायला आली, तेव्हा विचारलं, "तू फाट्यावर का उतरायचीस गं?" तर म्हणाली, "घर एकदम अंगावर यायला नको म्हणून."

तुमच्या परतीच्या रस्त्यावर फाटा कुठे होता? गुहागर ते पुणे पावणेतीनशे किलोमीटर. चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण, मग उंब्रजला हायवे. अडीचला निघालात म्हणजे हायवेला लागेपर्यंत दिवेलागण, आणि पुढे रविवारची संध्याकाळ. आनेवाडीचा टोल, खंबाटक्याचा बोगदा, खेड-शिवापूरचा टोल. अख्खं पुणं त्याच वेळी घरी निघालेलं असतं, आणि गाडीच्या काचेवर फास्टॅग चिकटवला म्हणून पुढच्या हजार गाड्या काही बाजूला होत नाहीत. ते शेवटचे तीन तास मला न सांगताही दिसतात. मुलं मोबाइलमध्ये, नवरा पुढच्या ट्रकवर चिडलेला, आणि तू डोळे मिटून उद्या डब्याला काय याचा विचार करतेस. म्हणजे तू घरी साडेअकराला पोचलीस हे खरं नाहीच. तू उंब्रजलाच घरी पोचलीस. उरलेले तास नुसती गाडीत कोंडलेली होतीस.

तुझा नवरा म्हणेल, सकाळी निघालो असतो तर रविवार फुकट गेला असता. हा 'फुकट' शब्द आपल्या लोकांच्या सहलींना लागलेली कीड आहे. तीन दिवस घेतलेत ना, मग तिन्ही दिवस उसासारखे चरकातून काढायचे, चोयट्यासुद्धा पुन्हा घालायच्या. शनिवारी तीन ठिकाणं, रविवारी तीन ठिकाणं. बामणघळीत पाणी उडालं नाही म्हणून चिडायचं. अरे बाबा, समुद्र काय तुझ्या रजेचा अर्ज बघून येतो? माझ्या ओळखीचे एक गुहागरकडचे गृहस्थ तिथी विचारून भरती सांगायचे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि साधारण साडेबारा तासांनी दुसरी. ढोबळ हिशेब आहे, पण घरच्या कालनिर्णयवर होतो. पुढच्या वेळी ह्यांना हे एवढं एक काम दे, तिथी बघून घळीला जायची वेळ ठरवायची. ते खूश होतील आणि बाकीची पाच ठिकाणं विसरतील.

तर माझा पहिला सल्ला अगदी कोरडा आहे. रविवारी सकाळी घावन-चटणी खाऊन सातला निघा. तीन-चारपर्यंत घरी. ते जमणार नसेल तर गुहागर नको, दोन तासांच्या अंतरावरचं काहीतरी बघा. उजेडी घरी पोचायचं, हा एकच नियम. दिवसाउजेडी घर अंगावर येत नाही. खिडक्या उघडता येतात, झाडांना पाणी घालता येतं, खाली जाऊन दूध आणता येतं, आणि संध्याकाळचा चहा घरी बसून पिता येतो. त्या चहाला मी फाटा म्हणते.

आता रडण्याबद्दल. ते मंगळवारी आलं याचं मला काही नवल वाटलं नाही. इस्रायलमध्ये मिना वेस्टमन आणि डोव्ह ईडन या दोन संशोधकांनी १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. ७६ कारकुनांना रजेच्या आधी, रजेत आणि रजेनंतर त्यांच्या थकव्याबद्दल विचारलं. कारकूनच होते, तुझ्या जातकुळीचे, म्हणून मला तो लक्षात राहिला. रजेत शीण उतरला. कामावर आल्यावर तिसऱ्या दिवसापर्यंत तो काही अंशी परत आला होता, आणि तीन आठवड्यांत पुरता. म्हणजे तुझा मंगळवार जगाच्या हिशेबाबाहेरचा नाही. दुसरा एक अभ्यास नेदरलँडमधला, २०१० सालचा, १,५३० जणांचा. फिरून आलेले लोक, घरीच राहिलेल्यांपेक्षा नंतर काही फार आनंदी नव्हते. फरक दिसला तो जाण्याच्या आधी, वाट बघण्यात. परतल्यावरही ज्यांचा आनंद थोडे दिवस टिकला ते फक्त असे, ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली होती. किती ठिकाणं बघितली हे त्यात आलं नाही, बरं का. निवांत.

तुझ्या तीन दिवसांत निवांत म्हणावं असं किती होतं? एक तास. तोही इतर सगळे समुद्रावर गेले म्हणून.

म्हणूनच मी म्हणते, तू समुद्र सोडून आलीस म्हणून रडत नाहीस. समुद्र तुला दर वर्षी चालेल, न चालेल. तू तो तास सोडून आलीस. "कुणी मला काही विचारत नव्हतं" हे तुझं वाक्य मी पेन्सिलीने खूण करून ठेवलंय. घरी तुला दिवसभर विचारतात. माझा मोजा कुठे, आज भाजी काय, गोळी घेतली का मी, ओटीपी आला का. बँकेत काचेपलीकडचा माणूस विचारतो, खात्यात व्याज कधी जमा होणार. सहलीतही, मला खात्री आहे, टॉवेल कुठे आणि सनस्क्रीन कुणाच्या बॅगेत हे तुलाच विचारलं असणार. त्या एका तासात सुपारीच्या बागेतल्या पाटाने तुला काही विचारलं नाही. असा तास चाळीस वर्षांत पहिला नसेल, पण बऱ्याच दिवसांत पहिला असावा.

तो तास पावणेतीनशे किलोमीटरवर ठेवू नकोस. पुण्यात आण. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. गच्ची आहे ना तुमच्याकडे? जिथे वाळू झाडलीस तिथेच एक खुर्ची टाक. फोन खाली ठेवून जा. पहिल्या दोन-तीन वेळा कुणीतरी हाक मारेलच, "आई, साखर कुठे आहे?" उत्तर द्यायचं नाही. साखर घरातच असते, सापडते. हा तास मागायला लाजू नकोस आणि 'ध्यान', 'स्वतःसाठी वेळ' असलं काही नावही देऊ नकोस. नाव दिलं की लोक चेष्टा करतात किंवा सोबत यायला निघतात. नुसतं "मी वर आहे" म्हणून जायचं.

आणि आता रविवारी रात्री साडेअकरा ते दीड. हा भाग मला सगळ्यात जास्त खुपला. सहलीला चौघं गेलात आणि परत तू एकटीच आलीस. बाकीचे तिघं झोपायला आले. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांची ८८. त्यातही गंमत अशी की ही ८८ मिनिटं घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची आहेत, न लावणारे त्या सरासरीत धरलेलेच नाहीत. असो. तुझ्या नवऱ्यावर अन्याय करत नाही मी. जाऊन-येऊन साडेपाचशे किलोमीटर गाडी चालवली त्याने, दोनदा घाट पार केला, पाठ खरंच गेली असणार. ड्रायव्हिंग हे कामच आहे. पण ते गाडी लावली की संपतं. तुझं तिथे सुरू होतं. आणि मागच्या सीटवर सात-आठ तास झोपून आलेली नववीतली मुलगी? तिला वॉशिंग मशीनचं बटण दाबता येत नाही असं मला सांगू नकोस, ती मोबाइलवर मला न कळणाऱ्या शंभर गोष्टी करत असेल.

निघायच्या आधीच घरात बोलून ठेव, परत आल्यावर नको. रात्री साडेअकराला वाटणी होत नाही, भांडण होतं. कपडे मुलगी मशीनला लावेल. मुलगा आपल्या चड्ड्यांची वाळू आपणच झाडेल आणि ती गुहागरातच, खोलीच्या पायरीवर, पुण्याच्या गच्चीत नाही. ओले कपडे तिथल्या नळावर खळबळून आणले की घरी निम्मं काम उरत नाही. दुधाची जबाबदारी नवऱ्याची: जायच्या आधी बंद करायला सांगायचं, यायच्या दिवशी येताना आणायचं. जेवायला पिठलं-भात. आपल्याकडे प्रवासाहून आलं की पिठलं-भात हा जवळजवळ धर्म आहे, तो मोडू नकोस, फक्त पिठलं कुणी ढवळायचं ते बदल. आणि सोमवारी डबा नाही. एक दिवस सगळे बाहेर खातील, कुणी मरत नाही. सोमवारची रजाही टाकता आली तर उत्तमच, पण बँकेत महिनाअखेरीला ती मिळत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून आग्रह धरत नाही.

आता तो कंस.

"सासूबाईंचं माहेर तिकडचंच, पालशेतचं. आता तिथे कुणी राहिलेलं नाही." हे तू कंसात टाकलंस, आणि "झालं का फिरून?" हे कंसाबाहेर, ठसठशीत. मी ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघितली. गुहागरहून वेळणेश्वर-हेदवीकडे जाताना पालशेत रस्त्यातच लागतं. म्हणजे तुमची गाडी शनिवारी त्यांच्या माहेरातून गेली, दोनदा. तुम्ही थांबलात का? तू लिहिलेलं नाहीस, म्हणून मी धरून चालते की नाही थांबलात. गेलं असेल लक्षातून, हेदवीची घाई होती.

त्या तीन दिवस पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून काय करत असतील असं तुला वाटतं? त्यांना रस्ता पाठ आहे. शुक्रवारी दुपारी त्या मनात म्हणाल्या असतील, आता चिपळूण आलं असेल. शनिवारी, आता पालशेत. रविवारी रात्री साडेअकरापर्यंत त्या जाग्या होत्या, गुडघे दुखत असताना दाराशी आल्या. आणि तुम्ही चौघं दमून, चिडून, वाळूने भरून आत शिरलात. त्यांना विचारायचं असेल एक आणि तोंडातून आलं "झालं का फिरून?" कोकणातल्या माणसाचं हे असंच असतं, मायेचं वाक्य तिरकं निघतं. माझ्या सासूबाई राजापूरकडच्या होत्या. मी आजारातून उठले तेव्हा म्हणाल्या होत्या, "उठलीस का एकदाची?" आणि पाठीमागे वळून डोळे पुसत होत्या. ते मला जाऊबाईंनी सांगितलं, एरवी मी जन्मभर पहिलं वाक्यच धरून बसले असते.

मी चुकतही असेन. मी तुझ्या सासूबाईंना ओळखत नाही, त्या खरंच टोचून बोलल्या असतील. टोचणाऱ्या सासवा जगात आहेत, मी स्वतः अधूनमधून असते. पण खात्री करून घ्यायला काही लागत नाही.

पूर्वी काशीयात्रा करून आलेला माणूस घरी मावंदं घालायचा. तुझ्या पिढीला हा शब्द माहीत असेल-नसेल. गंगेची पूजा करायची आणि आप्त, शेजारी, गावातली माणसं यांना जेवायला बोलवायचं. लहानपणी मला त्यातली बुंदी तेवढी कळायची. आता वाटतं, जो गेला आणि जे राहिले त्यांच्यात तोवर एक अंतर पडलेलं असायचं, ते त्या पंगतीत भरून काढत. गेलेला बोलायचा, राहिलेले ऐकायचे, गंगेचं पाणी सगळ्यांच्या हातावर पडायचं. मग उद्यापासून तो पुन्हा आपल्यातला. तू ऑफिसात काजू वाटलेस, शेजारी आंबापोळी दिलीस. घरातल्या, मागे राहिलेल्या एकमेव माणसाला काय दिलंस, ते पत्रात नाही. हा दोष म्हणून सांगत नाही. रात्री दीडपर्यंत खपणाऱ्या बाईकडून कुणी मावंद्याची अपेक्षा करू नये.

पण शनिवारी दुपारी मुलांना घेऊन त्यांच्या खोलीत बस. फोनमधले फोटो दाखव. तीनशे असतील, त्यातले दहाच. पालशेतचा एकही नसेल तर तसं सांग, "आम्ही तिथून गेलो आणि थांबलो नाही, चुकलंच." मग त्यांना बोलू दे. घर कुठल्या वाडीत होतं, विहीर कुठे होती, समुद्र घरातून ऐकू यायचा का. नववीतली मुलगी कंटाळेल, पाचवीतला ऐकेल. याचा अर्थ पुढच्या वेळी त्यांना घेऊनच जा, असा लावू नकोस. तीन दिवस सासूशिवाय हवेसे वाटणं यात पाप नाही, मलाही वाटायचे आणि माझ्या सुनेलाही वाटत असणार. कधी त्यांनाच जायचं झालं तर ती सहल वेगळी, त्यांच्या गुडघ्यांच्या गतीने, मधे कोयनानगरला किंवा चिपळूणला रात्र काढून. ते नंतर बघ.

नवऱ्याच्या पंचवीस हजारांबद्दल दोनच वाक्यं. चेष्टेत म्हणतो पण म्हणतो, असं तू लिहिलंस, तर तूही एकदा चेष्टेत न म्हणता सांग की मला गुहागरला जाण्याचा त्रास होत नाही, गुहागरहून एकटीने परत येण्याचा होतो. 'एकटीने' या शब्दावर तो "मी होतो की गाडीत" म्हणेल. तेव्हा साडेअकरा ते दीडचा हिशेब शांतपणे सांग, आवाज न चढवता, शक्यतो तो जेवत नसताना.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. सहलीनंतर चार-आठ दिवस उदास वाटणं निराळं. पण तिसऱ्या आठवड्यातही रोज रडू येत असेल, झोप उडाली असेल, खाण्यावरची वासना गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर तो गुहागरचा प्रश्न नाही. फॅमिली डॉक्टरांकडे जा, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे. तुझ्या वयात पाळीची गणितं बदलायला लागतात, तेही त्यांच्याशी बोल. डॉक्टरांपाशी मोकळं होता येत नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं.

राहिली बॅग. तिला नऊ दिवस झाले, अजून नऊ झाले तरी हरकत नाही. नवरा अडखळला तर अडखळू दे, तोही त्याच खोलीत राहतो, त्यालाही ती उचलून ठेवता येते. न घातलेला ड्रेस राहू दे, शिंपले राहू देत. फक्त आगळाची बाटली आज काढ. एक तर मीठ घातलेलं आगळसुद्धा झाकण सैल असलं की गळतं, आणि कोकमाचा डाग त्या ड्रेसवरून जन्मात निघायचा नाही. दुसरं असं की पुण्यात राहून, ऑफिसात आणि शेजारी सगळं वाटून झाल्यावर, एक बाटली बॅगेच्या तळाशी उरली आहे, ती तू कुणासाठी घेतली होतीस ते मला कळलंय. ती त्यांच्या हातात दे आणि सोलकढी त्यांनाच करायला सांग. नारळ तेवढा खवून दे, गुडघ्यांमुळे त्यांना विळीवर बसता येणार नाही.

तुझी,
मावशी